डाऊनव्होटला ‘विरोधी मत’ म्हणावं का?

एका वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. संकेतस्थळांवर मजकुराशेजारचा खाली वळलेला बाण दाबतात, त्या ‘डाऊनव्होट’साठी मराठीत ‘विरोधी मत’ चालेल का? आणि ‘त्याने मला डाऊनव्होट केलं’ ही रचना योग्य आहे का?

‘विरोधी मत’ काही ठिकाणी चालेल, पण बऱ्याच ठिकाणी घोटाळा करील. अडचण ‘विरोधी’मध्ये नाही, ‘मत’मध्ये आहे. मनात असतो तो विचारही आपल्याकडे मत आणि पेटीत पडते तेही मतच. ‘मन्’ धातूपासून आलेला हा शब्द. मानलेलं ते मत. ‘मतभेद’ म्हणताना पहिला अर्थ, ‘मतपेटी’ म्हणताना दुसरा, आणि ‘बहुमत’ दोन्हींकडे पाय ठेवून उभं. निवडणुकीत यामुळे काही बिघडत नाही, कारण ज्याचं म्हणणं पटतं त्यालाच आपण मत देतो. प्रश्नोत्तरांच्या जागी मात्र बिघडतं. ‘विरोधी मत’ हा शब्द ऐकला की मराठी माणूस सहज समजणार, ‘मला पटलं नाही, म्हणून खालचा बाण दाबायचा’. आणि नेमकं तेच करू नये, असा अशा अनेक ठिकाणचा शिष्टाचार आहे.

स्टॅक ओव्हरफ्लो हे २००८ साली सुरू झालेलं प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ घ्या. उत्तराशेजारच्या खालच्या बाणावर माउस नेला की ‘हे उत्तर उपयोगी नाही’ अशा अर्थाची सूचना दिसते. सहमतीचा तिथे संबंध नाही. तो बाण दाबायचा हक्कही १२५ गुण मिळवल्यावर येतो. उत्तराला खालचा बाण दिला की लिहिणाऱ्याचे २ गुण जातात आणि देणाऱ्याचाही १ जातो. हा नियम मला फार आवडतो. दुसऱ्याचं उत्तर निकामी ठरवायचं, तर आपलंही थोडं खर्ची पडावं. रेडिट या चर्चास्थळाच्या शिष्टाचारातही हेच सांगितलं आहे: चर्चेत भर न घालणाऱ्या मजकुराला खालचा बाण द्या, केवळ पटलं नाही म्हणून देऊ नका. तिथे ते फारसं पाळलं जात नाही, ही गोष्ट वेगळी.

उलट उदाहरणही आहे. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानाच्या चर्चास्थळाचे संस्थापक पॉल ग्रॅहम यांनी २००८ मध्येच लिहिलं होतं की बाणांनी सहमती-असहमती दाखवायला त्यांची हरकत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोच्याच ‘मेटा’ विभागात, जिथे स्थळाच्या धोरणांची चर्चा होते, एखाद्या सूचनेवरचा खालचा बाण म्हणजे बहुधा ‘मला हे मान्य नाही’. बटण तेच, पण कृती दोन. मग मराठीत शब्दही दोन असावेत.

असहमतीच्या बाणाला ‘विरोधी मत’ अगदी चपखल आहे. उपयुक्ततेच्या बाणाला मी ‘उणा गुण’ सुचवीन. ‘गुण’ म्हटलं की शिक्षकाची लाल शाई आठवते. गुण कापणारा उत्तर तपासतो, विद्यार्थ्याशी त्याचं वैर नसतं, आणि ‘सर, कुठे चुकलं?’ असं विचारायचा हक्क विद्यार्थ्याला असतो. कारण सांगण्याची सक्ती या स्थळांवर नाही, पण एका ओळीचा शेरा लिहून गुण कापणारा माणूस मला तरी जास्त सभ्य वाटतो. ‘उणा’ शब्दावर एक आक्षेप येऊ शकतो: ‘उणीदुणी काढणे’ची सावली त्याच्यावर पडते. तो टोचत असेल त्यांनी ‘वजा गुण’ म्हणावं.

‘नापसंती’ला माझा विरोध आहे. पसंती-नापसंती ही आवडीची भाषा. यूट्यूबच्या खाली वळवलेल्या अंगठ्याला ती शोभते (त्याचा आकडा नोव्हेंबर २०२१ पासून सर्वांना दिसत नाही, कारण काही लोक टोळीने तो आकडा फुगवत होते). ‘कौल’ हा सुंदर शब्द मराठी संस्थळांनी जनमत चाचणीसाठी आधीच घेतला आहे, तो तिथेच राहू द्यावा. ‘ऐसी अक्षरे’ या मराठी संस्थळावर तर ‘मार्मिक’, ‘माहितीपूर्ण’, ‘खवचट’, ‘निरर्थक’, ‘भडकाऊ’ अशा श्रेणी आहेत. त्यांच्यापुढे नुसता खालचा बाण मुका वाटतो, कारण श्रेणीतच कारण आलेलं असतं.

आता ‘मला डाऊनव्होट केलं’. बोलताना सगळेच असं म्हणतात आणि व्याकरणाच्या दृष्टीने त्यात दोष नाही. पण उणा गुण उत्तराला दिला जातो, माणसाला नव्हे. डूख धरून एकाच सदस्याच्या लिखाणावर ओळीने बाण मारणं हा स्टॅक ओव्हरफ्लोवर गैरप्रकार आहे, आणि तशी मतं यंत्रणा शोधून रद्द करते. ‘मला’ हे रूप अशा वेळी खरोखर लागू पडतं. एरवी ‘माझ्या उत्तराला उणा गुण मिळाला’ किंवा ‘माझ्या उत्तराचे गुण कापले’ असं लिहावं. बोलण्यात ‘डाऊनव्होट’ राहिला तरी चालेल, फक्त त्याच्याआधी ‘उत्तराला’ हा शब्द जोडावा.