गेमच्या व्हिडिओत गाणी येणार असतील तर

आधी आवाज वेगळे करा, बाकी सगळं नंतर. ओबीएसमध्ये (स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) आउटपुट मोड 'ॲडव्हान्स्ड' करा, रेकॉर्डिंग टॅबमध्ये ऑडिओ ट्रॅक १, २, ३ वर खूण करा. मग ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये ट्रॅक १ ला सगळं, २ ला फक्त माईक, ३ ला गेम असं वाटून द्या. फाइलचा प्रकार एमकेव्हीच ठेवा; रेकॉर्डिंग मध्येच बंद पडलं तर साधी एमपी४ बहुधा उघडतच नाही.

पण गेमची गाणी आणि गोळीबार, पावलांचे आवाज एकाच ट्रॅकवर येतात. ते नंतर सुटे करणं फार जिकिरीचं. म्हणून गेमच्या सेटिंगमध्येच म्युझिक शून्यावर आणा. 'स्ट्रीमर मोड' असेल तर तो लावा, लायसन्सवर घेतलेली गाणी त्यात सहसा बंद होतात.

'परवानगी नसली तरी गाण्याचे दहा सेकंद चालतात' असं म्हणतात, ते साफ खोटं आहे. श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. गाण्याची रचना आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. त्यामुळे गाणं स्वतः वाजवलंत तरी रचनेचा प्रश्न उरतोच.

यूट्यूबवर क्लेम, म्हणजे 'हे गाणं आमचं' असा हक्कधारकाचा दावा, आला तर घाबरू नका. त्यात बहुतेकदा जाहिरातीचे पैसे हक्कधारकाकडे जातात, इतकंच. स्ट्राइक (कॉपीराइट मोडल्याचा ठपका) मात्र गंभीर: ९० दिवसांत ३ झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. लायसन्स हातात असेल तरच क्लेमवर हरकत घ्या. समोरच्याला उत्तराला ३० दिवस मिळतात. हरकत घेताना पुरावा हाताशी असावा म्हणून गाणं डाउनलोड करतानाच लायसन्सच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट त्याच फोल्डरमध्ये ठेवा.