चौथ्या रात्रीचं काय करू?

प्रश्न : वय २९. सहा वर्षं रोज रात्री जेवण झालं की तंबाखूत मिसळून गांजा ओढतो. आधी शनिवारी मित्रांबरोबर असायचं, आता एकटाच. कामावर कधी दांडी नाही. तीनदा सोडला. दर वेळी चौथ्या रात्री झोप उडते, घामाने उशी भिजते, भलतीसलती स्वप्नं पडतात, बायकोवर उगाच खेकसतो. पाचव्या दिवशी पुन्हा सुरू. मित्र म्हणतात, गांजाचं व्यसन लागतच नाही. मग माझ्या शरीराला तो लागतोच का?

उत्तर : मित्रांना नमस्कार सांगा, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका. घाम, स्वप्नं, चिडचिड हे सगळं गांजा सुटतानाचं दुखणं आहे. मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत, डीएसएम-५ मध्ये, २०१३ पासून त्याची नोंद आहे. एक-दोन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात टोक गाठतं, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक ओसरतं. तुम्ही तिन्ही वेळा ऐन चढावरून माघारी फिरलात.

स्वप्नांना घाबरू नका. गांजाने दाबून ठेवलेली स्वप्नांची झोप मोकळी झाली की उसळते. मेंदूत टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, जिथे जाऊन बसतं ती ठिकाणं रोजच्या माऱ्याने कमी झालेली असतात. ती भरून यायला साधारण चार आठवडे लागतात. तोवर जेवण बेचव, गप्पा कंटाळवाण्या. तंबाखूमुळे निकोटिनचीही तलफ आहेच, हे तुम्ही हिशेबात धरलेलं दिसत नाही! (माझे निम्मे रुग्ण धरत नाहीत.) डॉक्टरांना दोन्ही सांगा. गांजा सोडवणारी खास गोळी नाही, समुपदेशनाचा मात्र चांगला उपयोग होतो. झोपेसाठी दारू किंवा कुणाच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, तर गांजामुळे तो मानसिक आजार होण्याचा तुमचा धोका इतरांपेक्षा जास्त. कानात आवाज येऊ लागले, लोक पाळत ठेवतात असं वाटलं, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

आता चौथी रात्र. सुट्टीच्या आदल्या दिवशी ती येईल असा हिशेब करून गांजा थांबवा. उरलेला माल, कागद, लायटर थांबवण्याच्या आदल्या दिवशीच घराबाहेर. आणि बायकोला आधी सांगा. मागच्या तीन वेळा आपलं काय चुकलं, हेच तिला कळलं नसणार.