आरएनएवरच्या (पेशीत जीनवरून बनणाऱ्या नकलेवरच्या) केमिकल बदलांचा शुगरशी खरंच संबंध आहे का?

आहे ओ, आणि सगळ्यात पक्कं उदाहरण टीआरएनएचं, म्हणजे प्रोटीन बनताना अमिनो ॲसिड (प्रोटीनचे छोटे घटक, लायसिन त्यातलंच एक) आणून देणारा नॉनकोडिंग, म्हणजे स्वतःवरून प्रोटीन न बनणारा आरएनए. सीडीकेएएल१ या जीनमुळं टाइप २ डायबेटीसची रिस्क वाढते हे २००७ मध्ये कळलं, मग २०११ ला उंदरांवर दिसलं की हा जीन लायसिनच्या टीआरएनएवर मिथाइल आणि गंधकाचा छोटा ग्रुप बसवतो, तो नसला की लायसिनच्या जागी कधीकधी भलतंच बसतं, आणि प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचं कच्चं रूप) जिथं कापून इन्सुलिन होतं त्यातल्या एका जागी लायसिनच लागतं बघा, म्हणून इन्सुलिन नीट तयार होत नाही.

एफटीओ जीनचंही नाव ऐकाल, तो आरएनएवरचा एम६ए नावाचा मिथाइल ग्रुप पुसतो, पण त्यावरून थेट लठ्ठपणा असं सांगतात ते मला पटत नाही, कारण त्यातल्या रिस्कचा बराच परिणाम शेजारच्या आयआरएक्स३ वगैरे जीनमधून होतो.

तुम्ही लिहिलंय सोलापूरला आईकडं सगळ्यांना शुगर आहे, तर विचारा कुणाला कमी वयात ऐकू कमी येतं का? मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या) टीआरएनएमधल्या ३२४३ नंबरच्या बदलानं त्यावर टॉरिन नावाच्या केमिकलचा ग्रुप नीट बसत नाही, त्यात शुगर आणि बहिरेपणा दोन्ही आईकडून येतात. तसं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, मेटफॉर्मिन (शुगरची नेहमीची गोळी) द्यायचं का हे त्यांना वेगळं बघावं लागतं.