मॅडम, सी आधी की पायथन?

ॲडमिशनचा सीझन सुरू झाला की हा प्रश्न येतोच. प्रोग्रॅमिंगची पहिली लँग्वेज कुठली घ्यावी, सी, पायथन का डायरेक्ट जावा, आणि चुकीची घेतली तर वर्ष वाया जाईल ना? मुलांपेक्षा आईवडीलच जास्त घाबरलेले असतात.

असाच एक डिप्लोमाचा मुलगा, कॉम्प्युटर ब्रँच (तपशील थोडे बदललेत). एमएसबीटीईच्या (महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या) सिलॅबसमध्ये त्याला सी होती. पुण्यातला मावसभाऊ म्हणे सी कोण वापरतं आता, यूट्यूबवरचा कोणी म्हणे जॉब पाहिजे तर जावा. याने तिन्ही सुरू केल्या, तिन्ही सोडल्या आणि शेवटी ठरवलं की आपलं डोकंच या लाइनचं नाही.

मी विचारलं, "सी कुठे सोडलीस?"

"लूपपाशी."

"पायथन?"

"लूपपाशीच."

"आणि जावा?"

काही बोलला नाही, नुसता हसला.

अडचण लँग्वेजची नाही, लूपची (तेच काम प्रोग्रॅमकडून पुन्हा पुन्हा करून घेणं) हे त्याला कळलं. माझ्या मते अर्धं काम तिथेच झालं. माणसाला घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा स्वतःचा समजच जास्त छळतो, हे मी कायम सांगते. अडल्यावर "मला अजून येत नाही" म्हणायची भीती वाटते, मग दोष लँग्वेजवर टाकायचा आणि नवीन लँग्वेज घेतली की पहिले काही धडे सोपेच असतात म्हणून बरं वाटतं, परत लूप आला की परत तेच.

बोलता बोलता कळलं की घरच्या चार खोल्या भाड्याने आहेत आणि सबमीटरवरून भाडेकरूंचं लाइटबिल वडील वहीत काढतात. म्हटलं, हेच कर, आधी कागदावर मराठीत. पहिल्या फटक्यात त्याने १२० युनिट झाले म्हणून सगळे वरच्या दराने लावले. वडील म्हणाले, अरे महावितरणचा स्लॅब तसा नसतो, पहिले १०० खालच्याच दराने आणि वरचे २० फक्त पुढच्या दराने. इफ-एल्स (अट बघून पुढे काय करायचं ते ठरवणं) त्याला वडिलांनी शिकवलं असं मी गमतीने म्हणते.

पुढच्या वेळी सी मधला प्रोग्रॅम घेऊन आला, एकच हिशेब चार वेळा लिहिलेला. मी म्हटलं, "उद्या दहा खोल्या झाल्या तर?" बराच वेळ कागदाकडे बघत बसला, मीही मुद्दाम गप्प राहिले (हे गप्प राहणं मला आता चांगलं जमतं). मग म्हणाला, "मॅडम, लूप यासाठी असतो होय!"

नंतर रुपयांपुढचे पैसे गायब व्हायला लागले, कारण बिल इंटमध्ये (फक्त पूर्ण आकडे धरणाऱ्या प्रकारात) ठेवलं होतं. ते त्याने स्वतः शोधलं. मग तोच हिशेब पायथनमध्ये केला आणि फारसा अडला नाही.

तर पालकांनो, सिलॅबसला जी आहे तीच पहिली. सिलॅबसचं बंधन नसेल तर पायथन घ्या, लिहायला कमी लागतं आणि वाचायला सोपी. लहान मुलांना स्क्रॅच (रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची लँग्वेज) बरं. आणि सी जुनी म्हणून घाबरू नका, ती १९७२ च्या आसपासची असली तरी १९९१ ला आलेल्या पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर (प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) सी मध्येच लिहिलेला आहे. एकदा घेतली की निदान एक सेमिस्टर बदलू नका, आणि मुलाला रोज "याला स्कोप आहे का" विचारण्यापेक्षा "आज कुठे अडलास" एवढंच विचारा. क्लास लावायचाच असेल तर आधी घरातला एखादा हिशेब त्याच्याकडून करून घ्या, मग फी भरा.