वर्गातल्या मुलांनाच शेती जास्त कळते. मी शिक्षिका व्हावे का?

तुमचे पत्र मिळाले. बी.एस्सी. कृषी करून तुम्ही सोलापुरात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि आंतरवासितेत मोहोळ तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत नववीला कृषी विषय शिकवीत आहात. रब्बी ज्वारीच्या पाठात तुम्ही फळ्यावर ‘पेरणी : १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर’ असे लिहिताच मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, “मॅडम, तारीख बघून कोण पेरतंय? वापसा आला की पेरायचं.” वर्ग हसला. (वापसा म्हणजे पावसानंतर जमीन ना चिखल, ना कोरडी, पेरणीजोगी ओलसर होणे.) घरची शेती नसल्याने या मुलांना शिकवण्याचा आपल्याला अधिकार नाही असे तुम्हाला वाटू लागले असून, बी.एड. अर्धवट सोडून स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागावे का, असे तुम्ही विचारले आहे.

सोडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान २० आठवड्यांची आंतरवासिता ठेवलेली आहे, ती पहिले काही पाठ बिघडणार हे गृहीत धरूनच. शिवाय त्या दिवशी तुमचा पाठ बिघडला, असेही मला वाटत नाही. तो अर्ध्यावर थांबला, इतकेच.

ती मुलगी बरोबर होती आणि फळ्यावरची तारीखही बरोबर होती. पेरणीचा नेमका दिवस वापसा ठरवतो. परंतु फळ्यावरच्या मुदतीच्या फार आधी पेरल्यास खोडमाशीचा उपद्रव वाढतो आणि फार उशीर झाल्यास, जमिनीत साठलेल्या ओलीवरच येणाऱ्या या पिकाला फुलोऱ्यात व दाणे भरताना ओल कमी पडते, हे कारण त्या मुलीला घरी कोणी सांगितले असेलच असे नाही. पुढच्या तासाला तिच्याच वाक्यापासून सुरुवात करा. शाळेशेजारच्या रानातली मूठभर माती मुलांना दाबून पाहू द्या: गोळा होऊन हाताला चिकटली तर वापसा यायचा आहे, हलक्या दाबाने भुगा झाला तर आला. हे मुले तुम्हाला शिकवतील, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही.

त्यानंतर उगवणशक्तीची चाचणी घ्या. प्रत्येकाने घरच्या बियाण्याचे १०० दाणे मोजून आणावेत, ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करावी, ती ओलसर ठेवावी आणि दहाव्या दिवशी अंकुरलेले दाणे मोजावेत. प्रमाणित ज्वारीच्या बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के असावी लागते. कोणाच्या घरचे बियाणे ६० टक्क्यांवर आले, तर हेक्टरी १० किलोचे प्रमाण किती वाढवावे लागेल, याचे गणित मुलांकडूनच करून घ्या. मोजून पाहण्याची ही सवय घरच्या अनुभवात सहसा येत नाही. ती लावण्यासाठीच शाळेत हा विषय आहे. मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रावर निवड पद्धतीने तयार झाले, हेही या मुलांना जरूर सांगा. (आपल्या तालुक्याचे नाव पाठात आले की मागचा बाकही सरसावून बसतो.)

आता नोकरीविषयी. महाराष्ट्र कृषी सेवेच्या परीक्षेसाठी तुमची कृषी पदवी आजही पुरेशी आहे आणि बी.एड. पूर्ण केल्यानेही ती पात्रता जात नाही. मग उरलेले काही महिने सोडून देण्यात काय मिळवाल? वर्गातील हशाला कंटाळून निवडलेली स्पर्धा परीक्षा पहिल्या अपयशालाच नकोशी होते, असे मी अनेक उमेदवारांच्या बाबतीत पाहिले आहे. कृषी पदवीधरांनी दहावीनंतरच्या पदविकेच्या कृषी तंत्र विद्यालयांतील शिक्षकाची नोकरीही विचारात घ्यावी. कृषी विज्ञान केंद्रातील विषय विशेषज्ञाच्या पदासाठी मात्र पदव्युत्तर पदवी लागते.

शाळांमधील व्यवसाय शिक्षणाच्या बाबतीत थोडे सावध राहा. नववी-दहावीच्या कृषी विषयाचे प्रशिक्षक बहुधा बाहेरच्या संस्थेमार्फत कंत्राटी पद्धतीने नेमले जातात. अशी संधी आली तर करार किती महिन्यांचा आहे, उन्हाळी सुट्टीचे मानधन मिळते का आणि प्रात्यक्षिकांचे साहित्य कोण पुरवते, हे रुजू होण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.