बंधऊर्जेचा हिशेब गोबरगॅसपासून सुरू करा

रेणूतील अणूंना जोडणारा बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, ही समजूत आधी मनातून काढून टाका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बंध तोडताना ऊर्जा (हीच बंधऊर्जा) द्यावीच लागते आणि नवे बंध जुळताना ती सुटते. आपल्याकडे चुलीत पऱ्हाटी जळते, पण तिच्यात नाना तऱ्हेचे बंध असल्यामुळे नवख्याने गोठ्यामागच्या गोबरगॅसमधील मिथेन घ्यावा, हे बरे. त्याच्या एका मोलमधील (मोल म्हणजे रेणू मोजण्याचे ठरावीक एकक) चार कार्बन-हायड्रोजन बंध (प्रत्येकी ४१३ किलोज्यूल) आणि दोन मोल ऑक्सिजनमधील दुहेरी बंध (प्रत्येकी ४९८) तोडायला २६४८ किलोज्यूल लागतात. उलट कार्बन डायऑक्साइडचे दोन दुहेरी बंध (प्रत्येकी ७९९) आणि दोन मोल पाण्याचे चार ऑक्सिजन-हायड्रोजन बंध (प्रत्येकी ४६३) जुळताना ३४५० सुटतात, म्हणजे दोन्हींतील फरक, भाकरीच्या तव्याखाली मिळते ती ८०२ किलोज्यूल उष्णता. शेगडीला काडी लावावी लागते, तीही पहिले बंध तुटावेत म्हणूनच.

आकडेमोडीपूर्वी प्रत्येक रेणूची रचना काढाच, कारण ऑक्सिजनचा दुहेरी बंध एकेरी धरला की पुढचे सारे फसते. बंधऊर्जा बहुधा सरासरी असतात आणि त्या वायुरूप रेणूंसाठीच लागू पडतात. वरील पाणी वाफेच्या रूपात आहे, ते द्रवरूप धरल्यास सुटणारी उष्णता सुमारे ८९० किलोज्यूल होते.