आकड्यांचा कट्टा : डबे सारखे, माल वेगळा

प्रश्न : काटोल, कळमेश्वर आणि नरखेड इथल्या तीन बागांतली मृग बहाराची संत्री ग्रॅममध्ये तोलली. आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत जीजीप्लॉट-२ हे आलेखांचं पॅकेज वापरून बॉक्सप्लॉट (डब्याचे आलेख) काढले, तर काटोल आणि नरखेडचे डबे हुबेहूब सारखे आले. प्रत्यक्षात नरखेडचा माल एकतर बारीक, नाहीतर मोठा. मधला जवळपास नाहीच. वाय-लिम (उभ्या अक्षाची मर्यादा) देऊन अक्ष १०० पासून सुरू केला, तर मध्यकच (मीडियन, चढत्या क्रमातला मधला आकडा) वर सरकला. कुठे चुकतंय?
– कृषी पदवीची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : डोळ्यांना दिसलं ते बरोबर आहे. बॉक्सप्लॉट म्हणजे मध्यक, दोन चतुर्थकं (पाव आणि पाऊण फळं ज्यांच्या खाली राहतात ते आकडे, म्हणजे डब्याच्या कडा) आणि डब्यातून निघणाऱ्या दोन रेघांची, म्हणजे मिशांची टोकं, बस. मधे फळं कशी विखुरली आहेत हे त्याला सांगताच येत नाही. नऊ-नऊ फळांवर करून पाहा. पहिली बाग : ९०, १००, ११५, १२५, १३०, १३५, १४५, १६०, १७०. दुसरी : ९०, ११४, ११५, ११६, १३०, १४४, १४५, १४६, १७०. दोन्हींत मध्यक १३०, चतुर्थकं ११५ आणि १४५, टोकं ९० आणि १७०. डबा तंतोतंत एकच. दुसऱ्या बागेत मात्र ११५ आणि १४५ भोवती दोन घोळके आहेत.

म्हणून डब्यावर प्रत्येक फळाचा ठिपका टाका : जिओम-जिटर. यात दोन खाचखळगे आहेत. जिटर मुळात ठिपके आडवेही हलवतो आणि उभेही, म्हणजे वजनंच किंचित खोटी दिसतात. जिटरची हाइट (उभी हालचाल) शून्य ठेवा. दुसरं, डब्याच्या कडेपासून चतुर्थकांमधल्या अंतराच्या दीडपटीपलीकडची फळं डबा स्वतःच ठिपक्यांनी दाखवतो. जिटरने तीच पुन्हा उमटतात आणि टोकाची फळं दुप्पट वाटतात. डब्याच्या आउटलायर-शेपला (त्या ठिपक्यांचा आकार) एनए, म्हणजे ‘काही नाही’, द्या. शेकडो फळं असतील तर ठिपक्यांचा गिचका होतो, तिथे व्हायोलिन (जिथे फळं जास्त तिथे रुंद होणारा आकार) बरं. पण दहा-बारा फळांवर व्हायोलिन काढू नका, प्रत्यक्षात नसलेला आकार ती गुळगुळीत रेघेने रंगवते.

आता मध्यक का सरकला? वाय-लिम आलेख नुसता जवळून दाखवत नाही, मर्यादेबाहेरचे आकडे आधी फेकून देतो आणि मग डबा मोजतो. वरच्या दुसऱ्या बागेत १०० पासून अक्ष घेतला की ९० चं फळ गेलं, उरली आठ, मध्यक १३० चा १३७ झाला. ओळी काढून टाकल्याची सूचना कन्सोलवर येते, पण ती वाचतो कोण! नुसतं जवळून पाहायचं असेल तर कोऑर्ड-कार्टेशियनच्या आत वाय-लिम द्या. आकडे शाबूत राहतात.

हिस्टोग्राम काढणार असाल तर तिन्ही बागा एकमेकींवर रचू नका (न सांगता तसंच होतं). फॅसेट-रॅपमध्ये (आलेखाचे वेगळे कप्पे पाडणारं फंक्शन) एन-कॉल, म्हणजे स्तंभांची संख्या, १ देऊन एकाखाली एक लावा, म्हणजे वजनाचा अक्ष तिघींना एकच राहतो. फळांची संख्या कमी-जास्त असेल तर काउंटऐवजी (मोजणी) डेन्सिटी (घनता) घ्या. न सांगता ३० खाने पडतात. तुमच्या मालाला ५ ग्रॅमचा बिनविड्थ (खान्याची रुंदी) आणि १० ग्रॅमचा, दोन्ही लावून पाहा. दोन्हींत दोन उंचवटे टिकले तरच ते खरे समजा. मग झाडाचं वय की फळं तोडण्याची वेळ, कशाने माल फुटला ते शोधता येईल.

प्रश्न : आलेखावर बागांची नावं मराठीत लिहिली की चौकोन येतात. कधी वेलांट्या सुटतात.
– प्राध्यापक, नागपूर

उत्तर : चौकोन म्हणजे त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. थीममध्ये बेस-फॅमिली (मूळ फॉन्ट) म्हणून विंडोजमधला निर्मला यूआय द्या. वेलांटी आणि जोडाक्षरं तुटत असतील तर दोष चित्र काढणाऱ्या यंत्रणेचा. चित्र काढणारं रॅग (ragg) पॅकेज बसवा आणि जीजीसेव्हने (आलेख फाइलमध्ये साठवणारं फंक्शन) पीएनजी काढा. एक्सेलमध्ये वजनंही देवनागरी अंकांत टंकली असतील तर आर तो स्तंभ मजकूर समजतो आणि संख्येत बदलताना सगळं एनए (रिकामं) होतं. आधी ते इंग्रजी अंकांत बदलून घ्या.